ज्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्याला करते. दुसऱ्या दिवशी वाटेत सदाशिवनगरला गोल रिंगण होतं आणि मग माळशिरस येतं. वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात ते रिंगणाचे, घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला लावणाऱ्या माणसांचे. नातेपुत्याच्या तळावर संध्याकाळी जे घडतं त्याचा चांगला फोटो निघत नाही, कारण त्यात पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखं जास्त असतं.

पालखी तळावर आली की दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि तो कल्लोळ एकदम थांबतो. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या पहाटे किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं आणि मग आरती होते. हिला समाज आरती म्हणतात. सोहळ्यातल्या प्रत्येक मुक्कामी ती होते, तशी नातेपुत्यालाही होते. पण तिच्यात एक कलम असं आहे, की ज्यासाठी एखाद्या कंपनीनं मोठी फी मोजून सल्लागार बोलवावा. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, म्हणजे चालण्याच्या क्रमावरून कुणी घुसखोरी केली असेल, पाण्याची आबाळ झाली असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळा तळ शांत आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतायत. चोपदार तिकडं जातात, तक्रार ऐकतात, तिचं समाधान करतात किंवा ते कसं होईल ते सांगतात. त्या दिंडीचे टाळ थांबले की आरती सुरू होते.

लाखो माणसांचा सोहळा रोज संध्याकाळी एका दिंडीच्या नाराजीसाठी खोळंबायला तयार असतो. पालखीचे मानकरी, आळंदी संस्थानचे विश्वस्त, वयोवृद्ध फडकरी महाराज, कुणालाही 'चला, उद्या बघू' म्हणून आरती उरकता येत नाही, निदान रीत तशी नाही. आणि दिंडीलाही दिवसभर कुरकुरत, दुसऱ्या दिंडीचे कान भरत बसायची गरज उरत नाही. तक्रारीला जागा आहे, वेळ आहे आणि आवाजही ठरलेला आहे. टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून उत्पादनाची अख्खी साखळी थांबवता येते, हे व्यवस्थापनाच्या वर्गात भक्तिभावानं शिकवतात. ती दोरी शिकवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या प्राध्यापकांनी आषाढात एखादी संध्याकाळ नातेपुत्याला काढायला हरकत नाही.

ही व्यवस्था आपोआप उगवलेली नाही. सोहळ्याला आजची शिस्त लावली ती १९व्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी. साताऱ्याजवळच्या आरफळचे हैबतराव पवार हे ग्वाल्हेरला शिंद्यांच्या लष्करात होते. दिंड्यांचे क्रमांक, रथापुढच्या २७ आणि बाकीच्या मागे, कूच करण्याची आणि थांबण्याची ठरलेली वेळ, या सगळ्यावर छावणीची छाप दिसते. लष्करी माणसानं लष्करासारखी रचना करावी यात नवल नाही. नवल हे, की त्या रचनेत सगळी सत्ता एका हाती ठेवली गेली नाही. मालकीचा मान आरफळकरांकडे, घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांचे, कारभार आळंदी संस्थानाकडे, फडांचे आणि दिंड्यांचे हक्क वेगळे. आणि ज्याचा दंड उचलला की सगळे गप्प होतात तो चोपदार या सगळ्यांचा सेवक.

नेता कशानं प्रभावी होतो, हा प्रश्न धंद्याच्या पुस्तकांत हल्ली फार वेळा विचारला जातो आणि उत्तरंही ठरलेली असतात: दूरदृष्टी, धडाडी, संवादकौशल्य. धर्मविचारात हाच प्रश्न जुना आहे, पण तिथं तो वेगळ्या बाजूनं येतो. करणारा कोण? केलेल्याचं फळ कुणाचं? आणि करण्याआधी दुसऱ्याला विचारलं तर त्या फळात त्याचा वाटा किती? धंद्याचा मालक सल्ला विचारायला बाहेर पडतो तेव्हा कळत-नकळत याच प्रश्नांच्या दारात उभा असतो.

उदाहरणांसाठी लांब जायला नको. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं आणि माळशिरस तालुक्याचा हा दुष्काळी पट्टा उसाचा झाला. कालव्यांच्या पाण्यामागे सासवडचे माळी शेतकरी इकडे आले. खंडानं जमिनी घेऊन त्यांनी ऊस लावला, गूळ केला. १९३०च्या सुमारास जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. त्याच वेळी सरकारनं १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, परदेशी साखरेवर जकात बसली. त्याच वर्षी या शेतकऱ्यांनी अकलूजजवळ सासवड माळी शुगर फॅक्टरी काढली आणि तिच्याभोवती माळीनगर वसलं. सहकारी कारखान्यांचं युग यायला अजून दीड-पावणेदोन दशकं होती. ही शेतकऱ्यांनी भाग घेऊन काढलेली कंपनी होती. दोन वर्षांनी, १९३४ साली, वकिली आणि भोर संस्थानातला कारभार पाहिलेल्या चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली. गावोगाव हिंडून, छोट्या छोट्या लोकांना शेअर विकून त्यांनी भांडवल जमवलं. तिचा कारखाना याच तालुक्यात श्रीपूरला उभा राहिला. आणि नीरेच्या पलीकडं, इंदापूर तालुक्यातल्या कळंबला, त्याच सुमारास वालचंद हिराचंद यांचा कारखाना सुरू झाला. तेच वालचंदनगर.

तीन कारखाने, तीन तऱ्हेचे मालक. माळ्यांना ऊस बोटांच्या पेरांत माहीत होता, पण साखरेचं यंत्र आणि रसायन माहीत नव्हतं. आगाशांना कायदा आणि कारभार कळत होता, शेती नव्हे. वालचंदांकडे भांडवल उभं करण्याची हातोटी आणि अफाट हिंमत होती. यांपैकी एकालाही बाहेरच्या माणसाला विचारल्याशिवाय पहिलं गाळप करता आलं नसतं. तरीही तिघांपैकी कुणी 'विचारून विचारून' कारखाना काढलेला नाही. काढायचा हे ठरवलं घरच्यांनी, कसा चालवायचा हे विचारलं बाहेरच्यांना. दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि बहुतेक गोंधळ ते एकात एक मिसळल्यानं होतो.

वालचंदांचं उदाहरण जरा सावकाश पाहण्यासारखं आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन दोशी घराण्यात १८८२ साली जन्म, घरचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवहार. तो सोडून ते ठेकेदारीत शिरले तेव्हा त्यांनी भागीदार निवडला तो रेल्वेत कारकुनी केलेला लक्ष्मणराव फाटक नावाचा माणूस. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून दोघांची जोडी जमली. एकाकडे पैसा उभा करायची ताकद, दुसऱ्याला रेल्वेचं कामकाज आतून माहीत. 'बाहेरचा सल्ला' म्हटलं की टाय लावलेला, इंग्रजी बोलणारा कुणी डोळ्यांपुढं येतो. वालचंदांचा पहिला सल्लागार एक माजी कारकून होता. त्याला फी न देता त्यांनी भागी दिली, म्हणजे सल्ल्याच्या परिणामात त्यालाही उभं केलं.

पुढं १९१९ साली नरोत्तम मोरारजी आदींबरोबर त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेलं 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. या धंद्यात त्यांची गाठ ब्रिटिश जहाज कंपन्यांशी आणि त्यांचे म्होरके लॉर्ड इंचकेप यांच्याशी पडली. भाडी पाडून सिंदियाला जेरीला आणण्याचे प्रयत्न झाले, कंपनी विकत घेण्याची तयारीही इंचकेप यांनी दाखवली. अशा वेळी 'विकून मोकळे व्हा' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण सांगणाऱ्याचं हित कुठं गुंतलंय ते आधी पाहावं लागतं. कौटिल्यानं अर्थशास्त्रात हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे: ज्या गोष्टीनं ज्यांच्या पक्षाच्या माणसांचं नुकसान होणार, त्या गोष्टीबद्दल त्यांच्याशी मसलत करू नये. सिंदियाच्या भागीदारांनी कंपनी विकली नाही.

त्याच प्रकरणात कौटिल्यानं मंत्र्यांची संख्याही मोजली आहे, आणि तो हिशेब अगदी दुकानदारी आहे. एकालाच विचारलं तर अवघड प्रश्नात निकाल लागत नाही आणि तो एकटा मोकाट सुटतो. दोघांना विचारलं तर ते एक होऊन राजाला गुंडाळतात किंवा भांडून काम बुडवतात. तीन किंवा चार बरे. त्याहून जास्त झाले की निर्णय अवघड होतो आणि गुपित राहत नाही. आणि हे सगळं सांगितल्यावर तो असंही म्हणतो की कुणालाही क्षुद्र समजू नये, पोरानं शहाणपणाचं काही सांगितलं तरी घ्यावं. ज्या राजाला हा उपदेश आहे त्याच्या डोक्यावर सगळा भार आहे आणि तो कुणाकडेही ढकलता येत नाही, हे कौटिल्य गृहीतच धरतो. ऐकायचं अनेकांचं, ठरवायचं आपण.

मग विचारूनही माणूस बुडतो तो का? याचं उत्तर महाभारताच्या उद्योगपर्वात आहे, आणि ते इतकं मानवी आहे की वाचताना ओशाळायला होतं. युद्ध टाळता येईल की नाही या काळजीनं धृतराष्ट्राला झोप येत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. विदुर रात्रभर बोलतो, तीच विदुरनीती. धृतराष्ट्र मधूनमधून विचारतो, नीट ऐकतो, पटलं असंही म्हणतो. आणि शेवटी कबुली देतो: तू सांगतोस ते खरं, माझं मन पांडवांकडे वळतं, पण दुर्योधन समोर आला की ते पुन्हा फिरतं. त्यावर दैवाचं नाव पुढं करून तो मोकळा होतो.

धृतराष्ट्राला सल्लागाराची उणीव नव्हती. विदुरासारखा निःस्पृह माणूस त्याच्या घरातच होता. त्यानं सल्ला योग्य वेळी मागितला का, हाही वादाचा मुद्दा नाही. त्याची अडचण अशी की विदुर रात्री येत होता आणि दुर्योधन दिवसभर जवळ असायचा. धंद्यात असे धृतराष्ट्र पुष्कळ. सनदी लेखापाल वर्षातून एकदा ताळेबंद घेऊन येतो आणि 'उधारी आवरा' म्हणून सांगतो. शेटजी मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला मुलगा नव्या शोरूमचा नकाशा टेबलावर पसरतो. ऐकण्याला जागा ठरवून दिलेली नसेल, तर शेवटी जो सगळ्यात जवळ बसतो त्याचंच ऐकलं जातं. समाज आरतीचं मोल इथं कळतं. तिथं ऐकणं हे कुणाच्या मनाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही, ते वेळापत्रकात आहे. चांगुलपणा काय, धृतराष्ट्राकडेही थोडा होताच.

ख्रिस्ती धर्मपीठानंही एके काळी हे ओळखलं होतं. एखाद्याला संत ठरवायचं तर त्याच्याविरुद्ध बोलणारा अधिकारी नेमण्याची पद्धत पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ साली पक्की केली. लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. त्याचं कामच हे, की चमत्कारावर शंका घ्यायची, चारित्र्यातली खोट काढायची. १९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रक्रिया बदलली, त्या पदाचं बळ ओसरलं, आणि त्यानंतर संतपदं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेगानं दिली गेली. हे चांगलं की वाईट ते कॅथलिकांनी ठरवावं. विरोधाला नेमलेली खुर्ची काढली की गाडीचा वेग वाढतो, एवढं मात्र खरं.

आपल्याकडे कायद्यानं अशी खुर्ची ठेवली आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मंडळावर किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक असावे लागतात. पण खुर्ची असणं आणि तिच्यावरून टाळ वाजणं यांत अंतर आहे. हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते, पेंटियम चिपशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते अभियंतेही होते. १६ डिसेंबर २००८ रोजी याच मंडळानं रामलिंग राजू यांच्या कुटुंबीयांशी संबंधित दोन कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदारांनी ओरड केल्यावर काही तासांत तो बेत मागं घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ला राजूंनी स्वतःच खोट्या हिशेबांची कबुली दिली. टाळ वाजवले ते बाहेर उभ्या असलेल्या भागधारकांनी. आत बसलेली मोठी मोठी नावं टाळ हातात धरून गप्प होती.

इथं सल्ल्याचे दोन प्रकार वेगळे काढावे लागतात. एक, जाणण्यासाठी घेतलेला. दुसरा, मान्यतेसाठी घेतलेला. दुसऱ्याला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकासाठी काशीहून गागाभट्टांना आणलं ते राज्य कसं करावं हे विचारायला नव्हे. राज्य तर उभं होतं. अडचण होती ती क्षत्रियत्वाबद्दल शंका घेणाऱ्या इथल्या पंडितांची, आणि त्यांना गप्प करील असा अधिकार जवळपास कुणाकडे नव्हता. तो बाहेरूनच आणावा लागला. ६ जून १६७४ला रायगडावर अभिषेक झाला. त्यानंतर निश्चलपुरी गोसावी यांनी त्या विधीत दोष दाखवले, तेव्हा त्याच वर्षी २४ सप्टेंबरला तांत्रिक पद्धतीनं दुसरा अभिषेकही करून घेतला. महाराजांनी दोघांचंही ऐकलं, आणि दोघांपैकी एकाच्याही हाती कारभार दिला नाही. काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, याची इतकी स्पष्ट जाण असलेला माणूस बाहेरच्या कितीही पंडितांना बोलावू शकतो.

फसगत होते ती पहिल्या प्रकाराचं सोंग घेऊन दुसरा घेतला की. ठरवून झालेलं असतं, फक्त उद्या आपटलो तर दाखवायला कागद हवा असतो. गावाकडे याहून प्रामाणिक रीत आहे. देवाला कौल लावतात. मूर्तीला पाण्यानं पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी पडते की डावी ते पाहायचं. शहरी माणूस हसेल. पण कौल लावणारा माणूस निदान स्वतःशी कबूल असतो की त्याला माहिती नको आहे, धीर हवा आहे. आणि देवाचं कमिशन नसतं. मात्र कौल उजवा पडला आणि विहिरीला पाणी लागलं नाही, तर कर्ज फेडायचं ते त्यानंच. कर्मसिद्धांताची सगळी घट्ट वीण इथं येऊन थांबते: विचारलं कुणालाही, केलं ज्यानं, फळ त्याचं. गीतेत अठरा अध्याय समजावून झाल्यावर श्रीकृष्णही अर्जुनाला हेच सांगतो, की सगळ्याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष देव सारथी असतानाही शेवटची गाठ अर्जुनालाच मारावी लागली.

मग बाहेर विचारायला जायचं कधी? नातेपुत्याच्या परिसरातच याचं एक तात्त्विक उत्तर सापडतं. गावाजवळच्या दहिगावला ब्रह्मचारी महतीसागर यांच्या नावाशी जोडलेलं दिगंबर जैन अतिशय क्षेत्र आहे. नातेपुते, फलटण, अकलूज, बारामती या बाजारपेठांत गुजरातकडून पिढ्यांपूर्वी आलेली जैन व्यापारी घराणी आहेत. वालचंदांचं घराणंही त्याच प्रवाहातलं. जैन दर्शनाचा गाभा अनेकांतवाद. कोणतंही विधान कुठल्या तरी एका नयानं, म्हणजे एका बाजूनं पाहून केलेलं असतं. ते खोटं नसतं, पण पुरं नसतं. अनेकदा याचा अर्थ 'सगळेच आपापल्या जागी बरोबर' असा लावून लोक मोकळे होतात. तो सोयीचा अर्थ आहे. दर्शनाचा आग्रह याहून कडक आहे: आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते आधी ओळखा, आणि जी बाजू आपल्याला दिसूच शकत नाही ती कुणाला दिसते ते शोधा.

धंद्यात ही न दिसणारी बाजू बहुधा दोन-तीन ठिकाणीच असते. स्वतःच्या घरातलं भांडण मालकाला दिसत नाही. वारशाचा प्रश्न, भावाभावांचे वाटे, मुलीला भागीदारी द्यायची की नाही, या गोष्टींत मालक स्वतःच एक पक्ष असतो, आणि पक्षकारानं न्यायाधीश होऊ नये. दुसरं, आजवर ज्यानं यश दिलं ते आता कालबाह्य झालंय का, हे यशस्वी माणसाला सर्वांत उशिरा कळतं. गूळ उत्तम करणाऱ्याला गुळाचे दिवस संपले हे पचवणं सोपं नसतं. माळीनगरच्या मंडळींनी ते १९३२ सालीच पचवलं. आणि तिसरं, ज्या कामाचं शास्त्रच आपल्याला येत नाही ते. वालचंदांनी मोटारीच्या कारखान्याचा ध्यास घेतला तेव्हा त्यांच्यापुढं एम. विश्वेश्वरय्या यांनी तयार केलेली योजना होती आणि तंत्रासाठी पुढं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली. बेंगळुरूच्या विमान कारखान्याचंही तसंच. १९३९मध्ये प्रवासात विल्यम पॉली या अमेरिकी माणसाची गाठ पडली आणि १९४०च्या डिसेंबरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन झाली. विमानाबद्दल आपल्याला काही कळत नाही हे कबूल करायला वालचंदांना लाज वाटली नाही. विमान भारतात बनलं पाहिजे की नाही, हे मात्र त्यांनी पॉलीला विचारलं नव्हतं.

याच्या उलट बाजूला, सल्ला विचारणं हाच काहींचा पळपुटेपणा होतो. रोजचा भाव काय ठेवायचा, कामगाराला रजा द्यायची की नाही, देणं कधी चुकवायचं, हे विचारायला बाहेर जाणारा मालक फार काळ मालक राहत नाही. आणि जिथं प्रश्न फक्त नीतीचा असतो, तिथं तर सल्लागार निरुपयोगीच. वजनात मारायचं की नाही याबद्दल तज्ज्ञाचं मत घेणाऱ्याला मत नको असतं, भागीदार हवा असतो.

या बाबतीत देहूच्या एका दुकानदाराची गोष्ट वारकरी परंपरा सांगत आली आहे. त्याचीही पालखी याच तालुक्यातून, अकलूजच्या बाजूनं, पंढरपूरला जाते. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानं सगळं मोडलं. पुढं त्यांनी लोकांकडच्या येण्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवायचं ठरवलं, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबानं हरकत घेतली. त्याला संसार चालवायचा होता. तुकोबांनी त्याला वैराग्याचा उपदेश करून गप्प केलं नाही. कागदांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद पाण्यात टाकले. वैराग्याच्या गोष्टीत हा वाटणीचा तपशील बहुतेक कीर्तनांत घाईनं सांगून होतो. वास्तविक कुणाच्या वतीनं निर्णय घ्यायचा आपल्याला अधिकार आहे आणि कुणाच्या वतीनं नाही, हा नेतृत्वाचा सर्वांत अवघड हिशेब त्या तपशिलात आहे. सर्वस्व पणाला लावणारे धडाडीचे उद्योजक बऱ्याचदा कान्होबाचाही वाटा नदीत टाकतात.

बाहेरच्या माणसाला किती आत घ्यावं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत धीट उदाहरण मात्र नगर जिल्ह्यातलं आहे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी, शालेय शिक्षण बेताचंच असलेल्या या शेतकऱ्यानं, गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले आणि प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ साली तिथं पहिलं गाळप झालं. सरकार दरबारी शंका, सावकार-व्यापाऱ्यांचा विरोध, आणि शेतकऱ्यांना कारखाना झेपेल का हा सगळ्यांचाच प्रश्न. अशा वेळी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, केंब्रिजला शिकलेले धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे ते गेले. गाडगीळ नुसते कागदावर सल्ला देऊन थांबले नाहीत. कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले आणि सुमारे दहा वर्षं राहिले. ज्यानं एकेक रुपया करून भांडवल जमवलं तो माणूस उपाध्यक्षाच्या खुर्चीत, आणि ज्याची त्या गावात एक एकर जमीन नाही तो अध्यक्षाच्या.

हे विखे पाटलांनी का केलं असावं, याचा तर्क करता येतो. भागधारक म्हणजे सगळे सोयरेधायरे, भाऊबंद. उसाची तोड आधी कुणाची, भाव काय, कर्ज कुणाला, या प्रश्नांवर गावातला कुणीही अध्यक्ष झाला असता तरी कुणाचा तरी पक्षकार ठरला असता. गाडगीळांचं तिथं काही गुंतलेलं नव्हतं. कौटिल्याची अट, अनेकांताची अट, दोन्ही एकाच नेमणुकीत पुऱ्या झाल्या. आणि गाडगीळांनीही खुर्ची धरून ठेवली नाही. १९६० साली अध्यक्षपद विखे पाटलांकडे आलं. १९६७ साली गाडगीळ दिल्लीला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष म्हणून गेले तेव्हा प्रवरेचा कारखाना आपल्या माणसांच्या जोरावर चालत होता.

त्यानंतर महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रीघ लागली. अकलूजजवळ शंकरराव मोहिते पाटलांनी उभा केलेला कारखाना त्याच परंपरेतला. प्रवरेकडून सगळ्यांनी भागभांडवल जमवण्याची रीत घेतली, शाळा-कॉलेजं काढण्याची रीत घेतली. बाहेरचा माणूस बोलावून त्याला आपल्या वरच्या खुर्चीत बसवण्याची रीत फारशी कुणी घेतली नाही. २०११च्या घटनादुरुस्तीनंतर सहकारी संस्थांच्या संचालक मंडळावर दोन तज्ज्ञ संचालक घ्यायची सोय झाली, तीही पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत मताचा अधिकार न देता. कारखान्याची निवडणूक लागली की पॅनेलं पडतात आणि गटातटाचा, गावाचा, जातीचा समतोल बारकाईनं पाहिला जातो. यात तज्ज्ञाची जागा कुणाच्या कोट्यातून भरायची, यावरही रात्र रात्र बैठका होतात.